कोटेशन टाकण्याआधी पार्टी जोखा : ऑटोमेशनच्या कामासाठी माझी पद्धत

संध्याकाळी सहाला फोन येतो. "साहेब, आमच्या पेंट शॉपचा कन्व्हेअर ऑटोमॅटिक करायचाय. परवापर्यंत कोटेशन टाका ना." आपण हो म्हणतो आणि फोन ठेवायच्या आत पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) कुठला घ्यायचा, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) किती लागतील, हे डोक्यात फिरायला लागतं. मीही बरीच वर्षं हेच केलं आणि पुष्कळ शनिवार-रविवार जाळले.

कोटेशनला पैसे लागत नाहीत असं ग्राहकाला वाटतं, ते ठीक. आपल्याला तसं वाटणं महागात पडतं. शंभर-सव्वाशे इनपुट-आउटपुटचं (पीएलसीला जोडलेले सेन्सर, स्विच, व्हॉल्व्ह) काम असेल तर त्यांची यादी म्हणजे आय/ओ लिस्ट, पॅनलचा लेआउट, डीलरांकडून भाव, प्रोग्रॅमिंगचे तास आणि एक साइट व्हिजिट असं करत माझ्याकडे एका इंजिनिअरचे चार दिवस जातात. अशी आठ कोटेशनं टाकून एक काम मिळालं, तर त्या एका कामातून बाकी सातांचे अठ्ठावीस दिवसही भरून काढायचे असतात. म्हणून आधी पार्टी जोखायची आणि मगच कॅल्क्युलेटर उघडायचा. पुढचं सगळं पाच ते पंधरा माणसांच्या, एमआयडीसीतल्या खासगी कारखान्यांची कामं करणाऱ्या इंटिग्रेटरसाठी (ऑटोमेशन जुळवून बसवून देणाऱ्यासाठी) आहे. सरकारी टेंडरचा खेळ वेगळा, त्यात मी शिरत नाही.

पायरी १ : पहिला फोन

पहिल्या फोनवर मशीनबद्दल कमी आणि कारणाबद्दल जास्त विचारा. "हे आत्ताच का करायचंय?" या प्रश्नाचं उत्तर निम्मं काम करतं. "रोज दोन तास लाइन बंद पडते", "कस्टमरच्या ऑडिटमध्ये मुद्दा आलाय", "जुन्या पीएलसीचं कार्ड मिळत नाही" ही खरी उत्तरं आहेत, कारण काम झालं नाही तर समोरच्याचं काहीतरी अडतंय. "एमडी साहेबांनी एक्झिबिशनमध्ये बघितलं" हेही उत्तरच आहे, पण त्याच्यावर चार दिवस घालवू नयेत.

मग विचारायचं: आधी कोणी केलं होतं, आणि त्यांना का बोलवत नाही? इथं कान उघडे ठेवा. "ते येतच नाहीत" याचा अर्थ पुष्कळदा "त्यांचे पैसे आम्ही दिले नाहीत" असा निघतो. आधीच्या तीन व्हेंडरांना एकाच दमात नालायक ठरवणाऱ्या पार्टीच्या यादीत चौथे आपण असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे भरतीचं कोटेशन ओळखणं. परचेसला फाइलमध्ये तीन कोटेशनं लागतात, काम कोणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. खुणा ठरलेल्या असतात. स्पेसिफिकेशनमध्ये एकाच ब्रँडचे पार्ट नंबर छापलेले, साइटवर या म्हटलं की "गरज नाही, ड्रॉइंग पाठवतो", आणि मुदत उद्याची. मी अशा वेळी दोन साधे तांत्रिक प्रश्न मेल करतो: सायकल टाइम किती हवा आणि मशीन चालवताना एअर प्रेशर किती मिळतं. ज्याला काम खरंच करून घ्यायचंय तो मेंटेनन्सला विचारून कळवतो. बाकीच्यांकडून उत्तरच येत नाही, आणि तेच उत्तर समजायचं.

पायरी २ : टेबलावर बसून एक तास

भेटायला जाण्याआधी पार्टीची कुंडली घरबसल्या काढता येते, आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे.

जीएसटी क्रमांक मागून घ्या. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर, पार्टीची जात सांगतं: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, पी असेल तर एकट्या मालकाची प्रोप्रायटरशिप. व्हिजिटिंग कार्डावर 'ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज' आणि सहावं अक्षर पी, असं मी अनेकदा पाहिलंय. त्यात वाईट काही नाही. फक्त सही कोणाची आणि पैसे कोणाच्या खिशातून, हे कळतं.

जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, कधीची आहे, पत्ता कुठला, हे दिसतं. त्याखाली रिटर्न भरल्याच्या तारखांचा तक्ता उघडतो. दर महिन्याला भरणाऱ्याची ३बी या रिटर्नची मुदत पुढच्या महिन्याची २० तारीख असते. एखाददुसरा उशीर सगळ्यांचाच होतो. पण गेले सहा महिने दरवेळी महिना-दीड महिना उशीर दिसला, तर सरकारला वेळेवर न देणारा माणूस तुम्हाला वेळेवर देईल, ही आशा सोडा.

माझा सगळ्यात आवडता तपास पीएफचा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती माणसांचा झाला, ते दिसतं. माणसांचा आकडा वर्षभरात एकशे चाळीसवरून साठवर आला असेल, तर ऑटोमेशनची हौस कुठून आली याचा विचार करावा. आणि भरणाच थांबला असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर बघा. सीआयएन या कंपनीच्या नोंदणी क्रमांकातच स्थापनेचं वर्ष असतं. संचालक कोण, मालमत्तेवर कुठल्या बँकेचा बोजा, तो फिटलाय की उभाय, हे कळतं. कंपनीचे दाखल झालेले कागद, ताळेबंदासकट, १०० रुपये फी भरून बघता येतात. ताळेबंदात मी एकच ओळ शोधतो: पुरवठादारांची देणी. विक्री जागच्या जागी आणि देणी दुप्पट, म्हणजे कारखाना आपल्यासारख्यांच्या पैशावर चाललाय. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत नाही ना, हेही बघा. त्या २०१६ च्या कायद्याखाली माल आणि सेवा पुरवणारा तारण असलेल्या बँकेच्या बराच मागे उभा असतो, आणि रांग तिथपर्यंत येईस्तोवर भांड्यात फारसं उरत नाही.

पायरी ३ : गेट, बाक आणि जुना पॅनल

आता साइटवर. चालू दिवशी जा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी गेलात तर बंद मशीन आणि रिकामा शॉप बघून याल.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि गेटजवळच्या बाकावर बसा. तिथं कोणी ना कोणी व्हेंडर बसलेला असतोच: टूलिंगवाला, पॅकिंगवाला, वजनकाट्याच्या एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) पोरगा. "पार्टी पैशाला कशी आहे?" एवढंच विचारा. व्यापारात हा प्रश्न कोणालाच खटकत नाही. उत्तर "चांगली आहे, पण फॉलोअप लागतो" असं आलं तर साठ-सत्तर दिवस धरा. उत्तराऐवजी तो नुसता हसला, तर समजून घ्या.

आत गेल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये चहा पिऊन परत येऊ नका. जुना पॅनल उघडायला सांगा. उघडलेला पॅनल त्या कारखान्याचा स्वभाव सांगतो. दाराच्या खिशात ड्रॉइंग आहे का? वायरींना फेरूल (नंबरचे छापील टोपण) आहेत का, की टेपवर पेनानं लिहिलंय? सेफ्टी डोअरचा लिमिट स्विच वायरनं बांधून ठेवलाय का? हा बांधलेला स्विच दिसला की मी वहीत लाल खूण करतो. तुम्ही सेफ्टी रिले, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) सगळं नीट लावून द्याल, आणि पंधरा दिवसांत फोन येईल: "साहेब, तो सेन्सर फार ट्रिप करतो, बायपास करून द्या." तो बायपास तुमच्या इंजिनिअरनं लॅपटॉपवरून केला आणि उद्या कोणाचा हात गेला, तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारतील. त्यामुळे ही खूण असलेल्या पार्टीला भेटीतच सांगतो की सेफ्टीची लॉजिक पासवर्डखाली राहील आणि बायपास मिळणार नाही. तिथं चेहरा पडला तर काम तिथंच संपलं.

खिशात मल्टिमीटर ठेवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल, तर अर्थिंगचं काम आधी करून घ्यायचं हे कोटेशनच्या 'ग्राहकाकडून' या रकान्यात लिहायचं. नाहीतर अॅनालॉग सिग्नल नाचले की दोष तुमच्या प्रोग्रॅमचा ठरतो.

मग बॅकअपचा प्रश्न. सीमेन्सनं एस७-३०० ही पीएलसीची मालिका २०२३ मध्ये फेज-आउटमध्ये टाकल्यापासून (हळूहळू बंद करायला घेतल्यापासून) तिच्या रेट्रोफिटच्या, म्हणजे जुन्याच्या जागी नवा बसवण्याच्या, एन्क्वायऱ्या सारख्या येतात. "प्रोग्रॅम पीएलसीत आहेच, काढून घ्या आणि नव्यात टाका" असं ग्राहक सहज म्हणतो. काढून घेता येतो, पण मूळ प्रोजेक्ट फाइल नसेल तर सिम्बॉल आणि कॉमेंट येत नाहीत. हाती नुसते पत्ते लागतात. कुठलं आउटपुट कुठला व्हॉल्व्ह उघडतं, ते वायर धरून शोधायचं. एखादा ब्लॉक आधीच्या माणसानं कुलूपबंद केला असेल तर तेवढं पुन्हा लिहायचं. फाइल असलेलं आणि नसलेलं काम यांच्या तासांत माझ्या अनुभवानं दुपटीचा फरक पडतो. म्हणून "बॅकअप आहे" हे ऐकून घ्यायचं नाही, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून फाइल उघडून बघायची. आणि कोणी "जुन्या व्हेंडरचा पासवर्ड तोडून द्या" म्हणालं तर सावध व्हा. त्या व्हेंडरचे पैसे अडकलेत का, हे आधी विचारा.

शेवटी ऑपरेटर. साहेब लोक फोनवर असताना त्याला गाठायचं. "मामा, दिवसाला किती वेळा थांबते ही?" मॅनेजर म्हणालेला असतो दोनदा. मामा म्हणतो, "नाइटला विचारूच नका." शंभरातल्या साठ अडचणी यांत्रिक असतात हे त्याच्याशी बोलून कळतं: घासलेली साखळी, गळणारा सिलिंडर. त्यावर नवा पीएलसी बसवला तर गळका सिलिंडर फक्त नव्या स्क्रीनवर गळताना दिसेल. त्याच गप्पांत हेही कळतं की या ऑटोमेशननं चार माणसं कमी होणार अशी चर्चा शॉपवर आहे का. असेल तर कमिशनिंगला (मशीन प्रत्यक्ष चालू करून देण्याला) दुप्पट दिवस धरा. सेन्सर आपोआप हलत नाहीत.

पायरी ४ : हो कोण म्हणणार, पैसे कुठून येणार

एका कामात तीन माणसं असतात: ज्याचं दुखतंय तो, ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली आहे तो, आणि जो काम पूर्ण झालं म्हणून सही करणार तो. छोट्या कारखान्यात तिघं मिळून एकच मालक असतो, काम सोपं. मोठ्या ठिकाणी प्रॉडक्शन, फायनान्स आणि मेंटेनन्स असे तीन वेगळे दरवाजे. तिघांनाही भेटल्याशिवाय मी सविस्तर कोटेशन देत नाही. माझे एका कामाचे शेवटचे दहा टक्के दोन वर्षं अडकले, कारण सही करणारे मेंटेनन्स हेड कामाच्या मधेच नोकरी सोडून गेले आणि नव्या साहेबांनी "मला हे असं नको होतं" म्हणून नवी यादी काढली.

पैशाचा हंगामही असतो, आणि साखर कारखान्याइतका तो कुठंच स्पष्ट दिसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात मिल हाउसचं किंवा बॉयलरचं काम मिळतं उन्हाळ्याच्या शेवटी आणि ते बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी संपवावं लागतं. गळीत सुरू झालं की मशीनला हात लावू देत नाहीत, आणि चुकलात तर पुढचं वर्ष. पैशाचं म्हणाल तर उसाची एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा सरकारनं ठरवलेला भाव) चौदा दिवसांत द्यायचं बंधन कारखान्यावर आहे, त्यामुळे हंगामात हाती येणारा पैसा आधी तिकडे जातो आणि तुमचा शेवटचा हप्ता मागे सरकतो. सहकारी कारखाना असेल तर एक सोय आहे: वार्षिक सभेचा अहवाल छापलेला असतो, ताळेबंदासकट. ओळखीच्या सभासदाकडून मागून घ्या. आणि एफआरपी थकवली म्हणून साखर आयुक्तालयानं ज्यांच्यावर आरआरसी (थकबाकी वसुलीचा आदेश) काढली, त्यांची नावं पेपरात येतात. शेतकऱ्यालाच थकवणारा तुम्हाला कुठून देणार?

"बँकेसाठी कोटेशन हवंय, आकडा जरा फुगवून द्या," अशीही एक मागणी येते. तुमच्या लेटरहेडवर बँकेला खोटं सांगणारा माणूस उद्या तुमच्याशी खरं वागेल असं मानू नका. मी नम्रपणे नाही म्हणतो. काम गेलं तर जाऊ दे.

पायरी ५ : आकडा आधी तोंडी

साइटवरून निघताना सांगून टाका: "हे अठरा ते बावीस लाखांच्या घरात जाईल." आणि गप्प बसा. समोरचा म्हणाला "आमचं बजेट पंधराचं आहे", तर बोलणी चालू आहे. काय कमी करायचं ते ठरवता येतं. म्हणाला "आम्हाला वाटलं पाच-सहात होईल", तर तुमचे चार दिवस वाचले. नुसतं "तुम्ही पाठवा तर खरं" म्हणाला तर बहुधा भरतीचंच कोटेशन.

ड्रॉइंग नसलेल्या, जुन्या आणि मोठ्या कामासाठी मी सर्व्हेची वेगळी फी लावतो. ऑर्डर मिळाली की ती बिलातून वजा. पंचवीस लाखांचं काम करायला निघालेला माणूस चाळीस हजारांच्या सर्व्हेला खळखळ करत असेल, तर पंचवीस लाखांचं काय होणार ते दिसतंच आहे.

पायरी ६ : त्यांच्या अटी कोटेशनच्या आधी मागा

परचेसला सांगा, तुमच्या पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) मागच्या छापील अटी आधी पाठवा. त्यात चार गोष्टी शोधा.

पैशाचे हप्ते. ४० टक्के अॅडव्हान्स, ५० टक्के डिस्पॅचआधी, १० टक्के कमिशनिंगनंतर, हे मला झेपतं. अॅडव्हान्स शून्य आणि 'बिलानंतर ९० दिवस' असेल तर तुम्ही बँक झालात. हिशोब करा: वीस लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी तीन लाख साठ हजार जीएसटी. ग्राहकानं पैसे देवोत न देवोत, क्रेडिट वजा जाता उरलेला कर पुढच्या महिन्यात तुमच्या खिशातून जातो.

उशिराचा दंड. आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच, हे सर्रास असतं. पण त्यांचा फॅब्रिकेटर दोन महिने लटकला तर? 'साइट तयार असल्याच्या लेखी पत्रापासून मुदत मोजावी' हे वाक्य घालून घ्या. ते मान्य करत नाहीत तर दंडाची रक्कम किमतीतच धरा.

'समाधानकारक कमिशनिंग' हे शब्द. समाधान कोणाचं आणि कसं मोजायचं? चाचण्यांची यादी आधी जोडा, आणि मशीनवर सलग पंधरा दिवस उत्पादन घेतलं की काम स्वीकारलं असं समजावं, हेही लिहा. औषध कंपन्यांत, वेर्णा असो की तारापूर, या चाचण्यांचे कागद हेच निम्मं काम असतं. ते तास वेगळे लावा.

चौथी गोष्ट उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची. एप्रिल २०२५ पासून १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्री असलेला उद्योग 'लघु' गणला जातो, म्हणजे आपण बहुतेक सगळे त्यात बसतो. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं ग्राहकानं लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यायचे. नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. नोंदणी पीओच्या आधीची असू द्या आणि क्रमांक कोटेशनवर छापा. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरातही खुंटी मारली: त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. पण आपलं काम पुष्कळदा मशिनरी म्हणून भांडवली खात्यात जातं, तिथं हा काटा टोचत नाही. तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. हा कायदा हातात असावा, पण चालू पार्टीवर वापरला की पार्टी जाते.

पायरी ७ : कुठला कागद पाठवायचा

गुणांचे तक्ते करून पाहिले, जमले नाहीत. तक्ता आपल्याला हवं तेच उत्तर देतो. आता एवढंच ठरवतो: सविस्तर कोटेशन, एका पानाचा बजेटरी (ढोबळ) आकडा, की नकार. पीएफ बंद, सेफ्टी बायपासचा आग्रह किंवा फुगवलेल्या आकड्याची मागणी, यातलं एक जरी असेल तर नकार. बाकी सगळं ठीक पण पार्टी पैशाला लांबची असेल तर सविस्तर देतो, अॅडव्हान्सवर अडून बसतो आणि किंमत दहा-बारा टक्के चढी ठेवतो.

नकार द्यायचा तो फोनवर आणि दोन दिवसांत. "सध्या हातात माणसं नाहीत, तुमचं काम रखडेल," एवढं पुरतं आणि ते खोटंही नसतं. चढा भाव टाकून 'नको' म्हणायची युक्ती करू नका. मी एकदा केली, आणि त्यांनी तोच भाव मान्य केला.

नाही म्हटलेल्या पार्ट्यांची माझ्याकडे एक वही आहे. नाव, तारीख, कारण. कधीतरी त्यातलाच फोन परत येतो. एका पार्टीला मी बॅकअप नाही आणि सर्व्हे फी द्यायला तयार नाही म्हणून सोडलं होतं. सहा महिन्यांनी त्यांचाच फोन: ज्यानं काम घेतलं तो अर्ध्यावर टाकून गेला, लाइन अर्धी जुन्या पॅनलवर, अर्धी नव्यावर. मी म्हटलं, येतो, आधी सर्व्हे फी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत पैसे खात्यात होते. दुपारी मी निघालो, आणि वेळेच्या अर्धा तास आधी त्यांच्या गेटवरच्या बाकावर जाऊन बसलो.